छपराखालचा पूल

अमेरिकेच्या ईशान्य भागांतील खेड्यांतून प्रवास करणाऱ्या परक्या माणसास एक दृश्य प्रथम कोड्यांत टाकतें. नदीच्या पात्रावर लांबलचक गोठ्यासारखें एक लांकडी घर आडवें पडलेलें असतें. रस्ता त्याच्या एका तोंडांतून आंत शिरतो आणि दुसऱ्या तोंडांतून बाहेर निघतो. तें घर नव्हे, पूल होय. न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश व व्हर्मांटमधील विंडसर या गांवांना जोडणारा असा एक पूल कनेक्टिकट नदीवर १८६६ पासून उभा आहे.

पुलावर छप्पर कशाला? वाटसरूंना पाऊस लागूं नये म्हणून, असें सहज वाटतें. वास्तविक तें लांकडासाठीं आहे. उघडा लांकडी पूल पावसानें व बर्फानें थोड्याच वर्षांत कुजतो. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं मातीच्या भिंतींना झांवळ्यांचा आडोसा करतात, त्यांतलाच हा विचार. छपरामुळें हिंवाळ्यांत एक गंमतहि होई. बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांकरितां आंतल्या कोरड्या फळ्यांवर मुद्दाम बर्फ आणून पसरावें लागे!

या जागीं हा चौथा पूल. १७९६, १८२४ व १८४९ या सालीं बांधलेले तिन्ही पूल पुरांनीं नेले. तरीहि दोन्ही तीरांच्या लोकांनीं पुन्हां कंबर बांधली. जेम्स टास्कर व बेला फ्लेचर यांनीं ९,००० डॉलरांत नवा पूल उभारला. त्यांनीं सांगाडा प्रथम जवळच्या कुरणांत जुळवून पाहिला, मग सोडवून नदीवर नेऊन पुन्हां जोडला. लांबी ४४९ फूट ५ इंच, आणि मध्यें आधार एकाच खांबाचा.

रचना इथिएल टाउन या वास्तुशिल्पज्ञाची. तिरप्या तुळयांची फुलीफुलीची जाळी करावयाची व जेथें त्या एकमेकींस छेदतील तेथें लांकडी मेखा ठोकावयाच्या. त्यामुळें भार एकाच तुळईवर न पडतां साऱ्या जाळींत वांटला जातो, आणि गांवच्या सुतारांनाहि असें काम साधतें.

पूल खाजगी मंडळीचा असल्यामुळें ओलांडणारास जकात द्यावी लागे. घोडे दुडक्या चालीनें न्याल तर दोन डॉलर दंड, अशी पाटी तोंडावर लावलेली असे. कारण टापांच्या हादऱ्यांनीं सांगाडा खिळखिळा होतो. १९३६ मध्यें न्यू हॅम्पशायर राज्यानें पूल विकत घेतला व १९४३ मध्यें जकात बंद झाली. पश्चिम तीराच्या उतरत्या पाण्याच्या रेषेपर्यंत नदी न्यू हॅम्पशायरचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९३३ मध्यें दिलेला होता. त्यामुळें पुलाचा बहुतेक भाग त्याच राज्यांत पडतो.

काळ मात्र जकातीवांचून कोणासहि सोडीत नाहीं. जाळी वांकूं लागली, तेव्हां १९८९ मध्यें मोठी दुरुस्ती पुरी झाली. त्या वेळीं कांहीं जुन्या तुळया काढून चिकटविलेल्या फळ्यांच्या नव्या तुळया बसविण्यांत आल्या. मग हा पूल टास्कर-फ्लेचर यांचा राहिला काय? केवळ जुनें लांकूड मोजणारास शंका येईल. परंतु जेथें तीन पूल वाहून गेले तेथें चौथा टिकला, तो लांकूड अमर होतें म्हणून नव्हे. कोणी छप्पर घातलें, कोणी घोडा हळू चालविला, कोणी कुजलेली तुळई वेळेवर बदलली म्हणून. ही काळजी अखंड चालत आली, हेंच त्याचें जुनेपण. आजहि त्यावरून मोटारी जातात.