पेटी कंत्राटदाराची फाइल

बांधकाम कंपनीच्या ऑफिसात महिन्याच्या पाच तारखेनंतर जी भांडणं होतात, त्यातली निम्मी माझ्या टेबलासमोर होतात. सेंट्रिंगवाल्याचं रनिंग बिल तयार असतं, मोजमापं झालेली असतात, साइट इंजिनिअरची सही असते आणि मी ते अडवून धरलेलं असतं. त्याची डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे मजुरांच्या नुकसानभरपाईची) पॉलिसी मागच्या आठवड्यात संपलेली असते, नाहीतर लेबर लायसनवर चाळीस माणसं असतात आणि गेटच्या रजिस्टरवर सत्तर. "ताई, पॉलिसी काढलीय, संध्याकाळी व्हॉट्सअॅपला टाकतो," हे वाक्य मी मराठी, हिंदी आणि कलबुर्गीकडच्या कानडी ढंगाच्या मराठीत इतक्यांदा ऐकलं आहे की, संध्याकाळ म्हणजे कुठली संध्याकाळ हे आता विचारत नाही.

साइटवरची तरुण मुलं मला 'कागदवाली बाई' म्हणतात. म्हणू देत. पण हे कागद सरकारला हुक्की आली म्हणून जन्मले, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. त्यांचा इतिहास पुण्याहून तासाभराच्या अंतरावर, बोरघाटात सुरू होतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू केली. पुढे खंडाळ्याचा घाट चढायचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. कंत्राट मिळालं विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराला. ठाण्याच्या मार्गाचं कामही त्यानं आणि त्याच्या भागीदारानंच केलं होतं. घाटाची लांबी साधारण १५ मैल, बोगदे २५. एवढं काम एकटा माणूस करत नसतो. फॅव्हिएलनं तुकडे पाडून ते खालच्या कंत्राटदारांना दिलं, त्यांनी मुकादमांना, आणि मुकादमांनी गावोगावची माणसं आणली. पैसा वरून याच उतरंडीनं खाली यायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थांबायचा. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएलनं काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे पोचल्यावर काही आठवड्यांतच आजारपणानं गेला आणि त्याची बायको अॅलिस हिनं, दोन इंजिनिअरांना हाताशी धरून, कंत्राट पुरं केलं. १८६१ च्या सुमाराला घाटावर ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती. १८६३ मध्ये घाट खुला झाला. पटकीनं, सुरुंगानं आणि कड्यावरून पडून किती माणसं गेली, त्यांची नावं कुठल्याच मस्टरवर शिल्लक नाहीत.

अॅलिसबाईंबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीनं मात्र त्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट दंगलीनंतरची आहे. सरकारनं १८६० मध्ये मालक आणि मजुरांच्या तंट्यांचा एक कायदा केला. रेल्वे, कालवे आणि अशा सार्वजनिक कामांवर मजुरीचा वाद झाला तर मॅजिस्ट्रेटनं तो झटपट निकाली काढायचा. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कायद्यात मजूर काम सोडून गेला तर त्याला कैदेची शिक्षा होती. म्हणजे पैसे अडवले ते मधल्यांनी आणि तुरुंगाची भीती दाखवली ती शेवटच्या माणसाला. हा कायदा १९३२ पर्यंत पुस्तकात होता.

जीव गेला तर काय, याचं उत्तर तेव्हाच्या कायद्यात नव्हतंच असं नाही. १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्यानं वारसांना दाव्याचा हक्क दिला होता. पण कर्जत-खालापूरकडच्या कातकरी बाईनं कुणावर दावा लावायचा? मुकादमावर, त्याच्या वरच्या कंत्राटदारावर, की लंडनमध्ये कचेरी असलेल्या कंपनीवर? शिवाय चूक मालकाची होती हे तिनंच सिद्ध करायचं.

हे कोडं सुटलं १९२३ मध्ये. कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि त्याचं कलम १२ हे माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. सोप्या मराठीत त्याचा अर्थ असा: तू तुझ्या धंद्याचं काम कंत्राटदाराला दिलंस आणि त्याचा मजूर जखमी झाला किंवा मेला, तर भरपाई तू दे, जणू तो तुझाच मजूर होता. मग ते पैसे कंत्राटदाराकडून वसूल कर, जमलं तर. मजुराच्या घरच्यांना उतरंड शोधत फिरायची गरज उरली नाही. त्यांनी वरच्या नावाकडे बोट दाखवायचं.

'जमलं तर' यातच माझी नोकरी आहे. सेंट्रिंगवाल्याकडून पंधरा लाख वसूल कसे करणार? त्याच्याकडे बल्ल्या, प्लेटा आणि एक जुनी बोलेरो. मग वरच्याला सुचलं की याची आधीच पॉलिसी काढून घ्यावी. गंमत अशी की १९२३ च्या कायद्यानं विमा सक्तीचा कधीच केला नाही. पॉलिसी आली ती टेंडरच्या अटींतून आणि वर्क ऑर्डरमधून, म्हणजे वरच्याच्या भीतीतून. विमा कंपन्या होत्याच. दोराबजी टाटांनी न्यू इंडिया मुंबईत १९१९ मध्ये काढली होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर चार सरकारी कंपन्या उरल्या आणि त्यांच्या एजंटांकडून पॉलिसी काढणं हा पेटी कंत्राटदाराच्या, म्हणजे छोट्या पोटकंत्राटदाराच्या, वर्षाचा एक रिवाज झाला. २००९ मध्ये कायद्याचं नाव बदललं, 'वर्कमन' गेला, 'एम्प्लॉई' आला. साइटवर मात्र अजून डब्ल्यूसीच म्हणतात. ईसी म्हटलं तर समोरचा गोंधळतो.

आता लायसन. ते वेगळ्या वाटेनं आलं. १९४४ मध्ये सरकारनं डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर, आणि केंद्राचं सार्वजनिक बांधकामही त्यांच्याच खात्याकडे होतं. रेगे समितीनं उद्योगांतल्या कंत्राटी मजुरांचीही पाहणी केली. पुढे १९६० मध्ये मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम रिफायनरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, कायमचं काम कंत्राटी मजुरांकडून करून घेणं कुठे चालू नये, याच्या कसोट्या मांडल्या. या सगळ्यातून १९७० चा कंत्राटी कामगार कायदा निघाला आणि १० फेब्रुवारी १९७१ पासून लागू झाला. वीस किंवा जास्त मजूर असतील तर मुख्य मालकानं, म्हणजे काम देणाऱ्यानं, नोंदणी करायची आणि कंत्राटदारानं लायसन घ्यायचं. लायसनसाठी मुख्य मालकाचा दाखला लागायचा, तो 'फॉर्म ५'. माझ्या सहीनं असे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पडले आहेत. आणि कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं द्यायची, हे कलम २१ मध्ये. बोरघाटातल्या दंगलीला कायद्यानं नीट उत्तर दिलं ते असं, एकशे बारा वर्षांनी.

या कायद्याच्या केंद्रीय नियमांत फॉर्म १२ नावाचं एक रजिस्टर होतं, कंत्राटदारांची नोंदवही. ती मुख्य मालकानं ठेवायची. रकाने अगदी मोजके: कंत्राटदाराचं नाव-पत्ता, काम कुठलं, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि जास्तीत जास्त माणसं किती. आज जी सॉफ्टवेअरं लाखाला विकतात त्यांच्या पडद्यावर याहून फार काही नसतं. १९२३ च्या कायद्यात जबाबदारीचं कलम १२, १९७० च्या कायद्यात लायसनचं कलम १२ आणि हा फॉर्म १२. आमचे जुने अकाउंटंट म्हणायचे, जो हे तीन बारा सांभाळत नाही त्याची कंपनी बाराच्या भावात जाते.

कायदा आला तशी पळवाटही आली. मर्यादा वीसची, मग प्रत्येक मुकादमाकडे एकोणीस माणसं. एक भाऊ प्लास्टरला, दुसरा विटकामाला, मेहुणा वॉटरप्रूफिंगला. तिघांची माणसं एकाच लेबर कॅम्पात, एकाच चुलीवर, आणि कागदावर तीन वेगळी आस्थापनं. सरकारी कामांची तऱ्हा आणखी न्यारी. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कराराचं कलम १९ म्हणतं लायसन घे, आणि कलम २१ म्हणतं की मंजुरीशिवाय काम पोटकंत्राटानं देऊ नकोस. मग पोटकंत्राटदार असतो, पण तो नसल्यासारखा असतो. नसलेल्या माणसाचं लायसन कोण मागणार?

न्यायालयांनी हे ओळखलं. १९८२ च्या एशियाडच्या बांधकामांबद्दलच्या खटल्यात समोर आलं की मजुराची ठरलेली मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती आणि त्यातला एक रुपया जमादार आपलं कमिशन म्हणून कापून घेत होते. पुढच्या वर्षी जम्मूतल्या सलाल वीजप्रकल्पाच्या प्रकरणात, जिथे पोटकंत्राटदाराला 'खातेदार' म्हणत, सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की पोटकंत्राटदार हाही कंत्राटदारच, त्यालाही लायसन हवं. हे वाचलेला मुकादम मला अजून भेटलेला नाही. वाचलेले बिल्डरही थोडेच.

पॉलिसी कशी वाचतात हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरचं नाव आणि खालचा शिक्का कुणीही बघतं. मी आधी बघते ती कामाची जागा. हिंजवडीच्या साइटसाठी दिलेल्या पॉलिसीवर वाघोलीचा पत्ता असतो, कारण ती मागच्या कामाची आहे. मग माणसं: 'बिगारी १०' लिहिलेलं असतं आणि साइटवर गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाले मिळून साठ. मग पगार: देतात अठरा हजार आणि दाखवतात आठ, म्हणजे हप्ता निम्म्यावर. मग उंचीवरचं काम धरलंय का, आणि याच्या खाली आणखी कुणाला काम दिलं असेल तर त्याची माणसं धरलीत का. शेवटी हप्त्याची पावती. विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी सांगतं की हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही. चेक वटला नाही तर कंपनी पॉलिसी रद्द करते आणि फाइलमधला कागद मात्र तसाच कोरा-करकरीत दिसत राहतो. पॉलिसी आहे पण उपयोगाची नाही, असे कागद माझ्या कपाटात पॉलिसी नसलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

आकडा किती मोठा असतो? १९२३ च्या जुन्या कायद्याच्या तक्त्यात तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८. पगार हिशेबात जास्तीत जास्त पंधरा हजार धरायचा, ही मर्यादा २०२० पासूनची. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्म्याला गुणकानं गुणायचं, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५०. हे महिन्याभरात द्यायचं, नाहीतर व्याज आणि वर दंड. पॉलिसीत आठ हजार पगार दाखवला असेल तर विमा कंपनी तेवढ्यावरच थांबू बघते आणि उरलेलं मालकाच्या अंगावर.

पुढचे कायदे भराभर सांगते. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा आणि एक टक्का उपकर आला. महाराष्ट्रानं त्याचे नियम २००७ मध्ये केले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये. मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ज्याचा मुकादमच कागदावर नाही त्याला तो देणार कोण, हा प्रश्न आजही आहे. १ ऑगस्ट २०१५ पासून साइटवरचे मजूर ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, आले. ज्याला ईएसआय लागू आहे त्याला डब्ल्यूसीची भरपाई मागता येत नाही, पण आमच्याकडे घाबरून दोन्ही कागद मागतात आणि पेटी कंत्राटदार दोन्हीकडे अर्धवट पैसे भरतो.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. लायसनची मर्यादा आता पन्नास माणसांची. महाराष्ट्रानं ती आधीच पन्नास केली होती. लायसन पाच वर्षांचं. मोठ्या कंत्राटदाराचा त्रास वाचला, हे खरं. पण आमच्या साइटवर पन्नासच्या वर माणसं असलेले पेटी कंत्राटदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे लायसनच्या कक्षेबाहेर गेले. मजुरी बुडाली तर मुख्य मालकानं द्यायची, ही तरतूद मात्र कायम आहे. म्हणजे वरच्याची जबाबदारी तेवढीच राहिली आणि खालच्यावर नजर ठेवायचं सरकारी साधन गेलं. मला विचाराल तर हे उलटं झालं. लायसन वीसवर ठेवून ते मिळायला सोपं करायला हवं होतं.

बालेवाडीत २०१६ मध्ये उंचावरचा स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले, कोंढव्यात २०१९ मध्ये भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधरा जणांचा जीव गेला. अशा बातमीनंतर चार दिवस सगळ्या साइटवाल्यांचे फोन येतात, "मॅडम, आपली पॉलिसी चालू आहे ना?" पाचव्या दिवशी पुन्हा बिलासाठी फोन.

तुमच्या सोसायटीत रंगकाम, प्लास्टर किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं असेल, तर कमिटीत एवढं करा. पाळणा बांधायच्या आधी कंत्राटदाराकडून पॉलिसी मागा. तिच्यावर तुमच्या सोसायटीचा पत्ता आणि जितकी माणसं दोरावर लटकणार तितका आकडा आहे का बघा, आणि हप्त्याची पावती फाइलला लावा. 'संध्याकाळी टाकतो' म्हणाला, तर काम उद्या सकाळी सुरू करा.