किंगरी : गोंडी गाथांना सूर देणारे वाद्य

पोंभुर्णा, प्रतिनिधी

अमेरिकेच्या लोकसंगीतात जुन्या लाकडी गिटारला मोठा मान आहे. १८३३ मध्ये सुरू झालेल्या मार्टिन कंपनीने दुसऱ्या महायुद्धापूर्वी घडवलेली एखादी गिटार हाती लागली, तर वादक ती जिवापाड जपतो. वर्षानुवर्षे वाळलेल्या आणि वाजत राहिलेल्या लाकडाचा नाद अधिक मोकळा होतो, असे जाणकार मानतात. विजेचा आधार नसलेले, गायकाच्या गळ्याला साथ देणारे आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाणारे असेच एक तंतुवाद्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडी मुलखाचेही आहे. त्याचे नाव किंगरी. गिटारचे मोल बाजारात ठरते. किंगरीचे मोल मात्र तिच्यासोबत गायल्या जाणाऱ्या गाथांवर आणि त्या ऐकणाऱ्यांवर ठरत आले आहे. म्हणूनच तिच्यापुढील प्रश्न केवळ एक वाद्य जतन करण्याचा नाही.

वाद्याची घडण

किंगरी गजाने वाजवतात. लाकूड कोरून पोकळ केलेले अंग, त्यावर ताणून बसवलेले कातडे, वर दांडी, खुंट्या आणि तीन तारा अशी तिची साधी रचना असते. पूर्वी तारांसाठी घोड्याच्या शेपटीचे केस वापरीत. पुढे धातूच्या तारा आल्या. मध्य प्रदेशातील परधान याच कुळातील वाद्याला ‘बाना’ म्हणतात, तर तेलंगणाच्या आदिलाबाद भागात ‘किकरी’ हा उच्चार रूढ आहे.

गिटारच्या दांडीवर पडदे असतात, त्यामुळे स्वरांच्या जागा ठरलेल्या असतात. किंगरीला असे पडदे नसतात. बोट तारेवर सरकत जाते आणि सूर गाणाऱ्याच्या गळ्यामागोमाग वळण घेतो. कातड्यामुळे तिच्या आवाजाला किंचित खरखरीत, माणसाच्या आवाजाशी जवळीक सांगणारा पोत येतो. हेच कातडे दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो. असे वाद्य कपाटात बंद ठेवून टिकत नाही. त्याला ऊब, निगा आणि सततचा हात लागतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. किंगरी हा शब्द त्याच ‘किन्नरी’वरून आला असे मानले जाते. मात्र नावाचे नाते असले, तरी नाथपंथी भिक्षेकऱ्यांची किंगरी आणि परधानांची किंगरी ही वाद्ये एक नव्हेत.

गाथा आणि वंशावळ

किंगरी वाजवण्याचा मान परंपरेने परधान समाजाचा. परधान हे गोंडांचे कथेकरी. प्रत्येक परधान घराण्याची ठरावीक गोंड कुळे यजमान असत. कुळाच्या देवाची म्हणजे पेर्सा पेनाची पूजा असो वा मृत्यूनंतरचे विधी, परधानाने किंगरीवर गाथा गायल्याखेरीज कार्य पूर्ण होत नसे. त्याच्या मुखी कुळाचा उगम, देवांची संख्या, सोयरिकीचे नियम आणि पूर्वजांची नावे असत. लिखित दप्तर नसलेल्या समाजात ही गाथा हेच दप्तर होते.

परधानांच्या या गायनाचा विशेष असा की, आदिलाबाद भागातील परधान घरात मराठी बोलत आणि गाथा मात्र गोंडीत गात. मराठी वाचकाने या वाद्याकडे परके म्हणून पाहू नये, याला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

गोंडी परंपरेत किंगरीला आदिवाद्याचे स्थान आहे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. येथे कोंडलेल्या मुलांच्या सुटकेसाठी हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजवली, तिच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले आणि त्यांनी गुहेच्या तोंडावरचा दगड लोटला, अशी कथा सांगतात. त्याच दगडाखाली हिरासुकाचा अंत झाला. माघ पौर्णिमेच्या सुमारास या ठिकाणी मोठी यात्रा भरते.

कागदावर आलेली गाथा

नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळच्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांचा आणि परधानांचा अभ्यास केला. आजचा राजुरा परिसर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे हा अभ्यास चंद्रपूरकरांना परका नाही. शामराव हिवाळे यांचे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरील पुस्तक १९४६ मध्ये आले. शब्द असे कागदावर उतरले. पण गजाची ओढ, बोटांची सरक आणि गायकाचा श्वास कागदावर येत नाही.

सूर का मंदावला?

यजमानाने धान्य, जनावरे वा पैसा द्यावा आणि परधानाने कुळाचा इतिहास जपावा, असा हा व्यवहार होता. शेती तुटपुंजी झाली, तसे यजमानाचे दान आटले. परधान समाजात शिक्षण पोहोचले आणि दानावर अवलंबून राहणे नव्या पिढीला नको वाटले, हेही स्वाभाविकच आहे. भाषेची स्थितीही नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ऐकणाऱ्याला गाथा कळेनाशी झाली की वाद्य केवळ पार्श्वसंगीत उरते.

काही परधानांनी वेगळी वाट काढली. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात गाथांतील देवदेवता चित्रांत आणल्या. त्याच परंपरेतील भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. शेजारच्या तेलंगणात किन्नेरा हे जुने तंतुवाद्य वाजवणारे दर्शनम मोगिलय्या यांना २०२२ मध्ये हाच सन्मान लाभला.

जुन्या ध्वनिमुद्रणाने काय साधते, याचे उदाहरण गिटारच्याच जगात आहे. मिसिसिपीचे जॉन हर्ट यांची गाणी १९२८ मध्ये मुद्रित झाली आणि नंतर विस्मृतीत गेली. १९६३ मध्ये त्या तबकड्यांतील एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून रसिकांनी त्यांना शोधून काढले. तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची गिटारही नव्हती. उतारवयात ते पुन्हा मंचावर आले आणि तरुण वादक त्यांच्यासमोर बसून शिकले.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. ध्वनिमुद्रणाबरोबर गाथांचा गोंडी-मराठी अर्थ नोंदवणे, ज्येष्ठ वादकांना मानधन देऊन शिष्य तयार करणे आणि वाद्य घडवणाऱ्या कारागिरांना काम मिळवून देणे, ही कामे या भागातच होऊ शकतात. संग्रहालयाच्या काचेमागे ठेवलेली किंगरी सुरक्षित राहील, पण तिच्यातील वंशावळ कोणाला ऐकू येणार नाही. त्यासाठी गज धरणारा हात हवा, आणि गोंडी समजणारा कानही.