मोजणीतून वगळलेल्या पंधरा जणी : स्त्री, मद्य आणि कामाची जागा

आजचा विषय जरा अवघड आहे. एखादा पुरुष ऑफिसातून येऊन पितो असं कळलं, की आपण म्हणतो, ‘कामाचा फार ताण असेल बिचाऱ्याला.’ बाई पिते असं कळलं, की आपण विचारतो, ‘हिचं असं कसं झालं?’ म्हणजे पुरुषाच्या पिण्याचं कारण आपण बाहेर शोधतो आणि बाईच्या पिण्याचं कारण तिच्या स्वभावात, चारित्र्यात. हा दुजाभाव केवळ शेजारपाजारच्या गप्पांत असता तर एवढं काही नव्हतं. पण गेल्या शतकात ज्यांनी दारूच्या व्यसनाचं शास्त्र उभं केलं, त्यांच्याही हातून तो सुटला नाही. ते शास्त्र बरंचसं अमेरिकेत घडलं, म्हणून आधी आपण तिकडे जाऊ.

१९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघांनी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात केली. व्यसनी माणसानेच दुसऱ्या व्यसनी माणसाला हात द्यायचा, ही कल्पना मोठीच होती, आणि तिने असंख्य संसार वाचवले. पण १९३९ साली या संस्थेचं मूळ पुस्तक निघालं, त्यातलं एक प्रकरण पाहा. ते ‘पत्नींसाठी’ आहे. व्यसनी नवऱ्याशी कसं वागावं, हे त्यात जणू बायकाच बायकांना सांगताहेत. प्रत्यक्षात ते लिहिलं बिल विल्सन यांनी. त्यांच्या पत्नी लोइस यांची ते लिहायची इच्छा होती, पण त्यांना ते लिहू दिलं गेलं नाही. पुस्तकाचं गृहीतक उघड आहे : पिणारा तो, सोसणारी ती.

आणि नेमक्या त्याच वर्षी मार्टी मॅन ही बाई न्यूयॉर्कच्या सभेत येऊन बसली. शिकागोच्या श्रीमंत घरातली मुलगी. वडिलांचा पैसा गेला तेव्हा नोकरीला लागलेली. तिने दारू सोडली आणि १९४४ साली व्यसनाविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती स्थापन केली. व्यसन हा आजार आहे, त्या माणसाला मदत करता येते आणि तो मदतीला पात्रही आहे, हे ती गावोगाव हिंडून सांगत राहिली. ‘आजार’ या शब्दाने एक मोठं काम केलं : पापाचा शिक्का पुसायला सुरुवात झाली. पण तो पुरुषांच्या बाबतीत लवकर पुसला गेला, बायकांच्या बाबतीत रेंगाळला.

का रेंगाळला, ते पुढच्या घटनेवरून कळेल. या संस्थेच्या मासिकाने १९४५ मध्ये सभासदांना एक प्रश्नावली पाठवली. पिणं कसकसं वाढत गेलं, पहिल्यांदा विस्मरण कधी झालं, चोरून पिणं कधी सुरू झालं, असे प्रश्न. उत्तरं आली १५८. त्यांचं विश्लेषण येल विद्यापीठातले ई. एम. जेलिनेक यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी किती उत्तरं वापरली? ९८. काही नीट भरलेली नव्हती, ती गेली. आणि १५ उत्तरं बायकांची होती, म्हणून तीही गेली. कारण काय? ती संख्येने थोडी आणि पुरुषांच्या उत्तरांहून फार वेगळी होती.

आता बघा, आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं इथे अडखळतो. उत्तर वेगळं आलं तर जिज्ञासू माणसाने थांबून विचारायला हवं, ‘वेगळं का?’ पण इथे वेगळेपण हेच वगळण्याचं कारण ठरलं. मग व्यसनाच्या ज्या ‘अवस्था’ पुढे पाठ्यपुस्तकांत गेल्या, त्या पुरुषांच्या अवस्था होत्या. ज्या बाईची कहाणी त्यात बसत नव्हती, तिचं व्यसन डॉक्टरला दिसायलाच उशीर होई. हा उशीर महागात पडतो. तेवढीच दारू स्त्रीच्या रक्तात अधिक तीव्रतेने उतरते आणि यकृताचं नुकसानही तिच्या बाबतीत लवकर होतं.

सत्तरच्या दशकात जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्राच्या विदुषीने बायकांसाठी वेगळी संघटना काढली. ती स्वतः या व्यसनातून गेलेली होती. तिचं म्हणणं साधं होतं. पुरुषाला सांगता, अहंकार सोड, नम्र हो. ठीक. पण जिला जन्मभर नम्रच राहायला शिकवलंय, तिला पुन्हा नम्रतेचं औषध कशाला? तिला आधी स्वतःची किंमत कळू दे.

मग ही किंमत कमी कुठे होते? घरात होते, तशी कामाच्या जागीही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या गल्लीत, ‘एल व्हिनो’ नावाचा बार होता. तिथे पत्रकार आणि वकील उभ्याउभ्या पीत आणि दिवसभराच्या बातम्या एकमेकांना देत. बायकांना मात्र काउंटरपाशी पेय मिळत नसे; मागच्या खोलीत जाऊन बसायचं. टेस गिल ही वकील आणि अ‍ॅना कूट ही पत्रकार, या दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ साली अपील न्यायालयात जिंकल्या. काउंटरपासून दूर ठेवणं म्हणजे धंद्याच्या कुजबुजीपासून दूर ठेवणं, हे न्यायमूर्तींनाही पटलं. पण यातला पेच लक्षात घ्या. ज्या व्यवसायात ओळखी पेल्याभोवती होतात, तिथे बाई प्यायली नाही तर बाहेरची, आणि प्यायली तर ‘तसली’.

त्याच सुमारास शॅरन आणि रिचर्ड विल्सनॅक यांनी अमेरिकेत स्त्रियांच्या मद्यपानाची देशव्यापी पाहणी सुरू केली. ‘बाईने नोकरी धरली की बाटली येणारच’ हा समज त्यात टिकला नाही. नोकरी, संसार, मुलं अशा अनेक भूमिका असणं हे एकंदरीत घातक ठरत नव्हतं. हवी असलेली भूमिका हिरावली जाणं हे जास्त घातक होतं. मात्र जिथे पुरुषांचंच प्राबल्य आहे, अशा व्यवसायांतल्या बायकांमध्ये पिण्याच्या तक्रारी अधिक दिसल्या. पुढे १९९९ मध्ये ज्युडिथ रिचमन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक छळ, अपमान, दमदाटी यांचा घातक पिण्याशी संबंध त्यात दिसला, आणि तो पुरुष कर्मचाऱ्यांतही दिसला. म्हणजे पन्नासेक वर्षांनी कुणीतरी विचारलं, ‘बाई, तुमच्या ऑफिसात काय चाललंय?’

इथे एक सावधगिरी हवी. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. आणि कारण सापडलं म्हणजे पिण्याचं समर्थन झालं, असंही नाही. दारू ताण हलका करते ती रात्रीपुरती. सकाळी साहेब तोच, शेरेबाजी तीच, वर झोप बिघडलेली. पण दोष देणं आणि कारण समजून घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दोष दिला की बाई लपवते. समजून घेतलं तर ती बोलते, आणि उपचार बोलण्यापासूनच सुरू होतात.

आपल्याकडेही हे उमगलेले लोक आहेत. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला. दुसरीकडे, १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यांमुळे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पण व्यसनमुक्ती केंद्र एकीकडे आणि ही समिती दुसरीकडे, अशी आपण सोय केली आहे. बाई मात्र एकच असते. ती समितीकडे गेली तर तिच्या पिण्याचाच पुरावा तिच्यावर उलटेल, ही भीती तिला असते. केंद्रात गेली तर साहेबाचं नाव निघत नाही.

तेव्हा उपचार करणाऱ्याने ‘किती पिता?’ याच्या जोडीला ‘कामावर तुमच्याशी कसं वागतात?’ हेही विचारलं पाहिजे. आणि समितीसमोर आलेल्या बाईच्या तोंडाला वास येत असला, तरी तिची तक्रार तक्रारच आहे, हे समितीने मानलं पाहिजे. जेलिनेक यांनी बाजूला काढलेल्या त्या पंधरा जणींनी काय लिहिलं होतं, ते त्या शास्त्राने ऐकून घेतलं नाही. आपल्या ओळखीत अशी एखादी असेल, तर तिचं उत्तर वेगळं आहे म्हणून आपण ते बाजूला ठेवू नये, एवढंच आज सांगायचं होतं. आता आपले प्रश्न घेऊ.