मोड आणि मोडी : घरगुती वस्तूंचे वाचन

इतिहासाची साधने म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम दप्तरे उभी राहतात. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला, 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून जुन्या घराच्या माळ्यावर चढणारा संशोधक बहुधा कागदासाठीच चढत आला. ज्या फडताळात कागदांचे रुमाल सापडत, त्याच्याच खालच्या कप्प्यात घंगाळे, तपेल्या, अडकित्ते, समया पडलेल्या असत. त्यांच्यावरची धूळ त्याने झटकली नाही. कागदावरची मोडी वाचण्यासाठी त्याने डोळे शिणवले. भांडी मात्र मोडीत गेली.

‘मोडीत जाणे’ हा शब्दप्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. कासार जुने भांडे तराजूत टाकतो तेव्हा घडणावळ शून्य धरतो, तांब्यापितळेचे वजन करतो, त्यातही घट धरतो. घर विकताना, वाटण्या होताना, किंवा शेवटचे वडीलधारे माणूस गेल्यावर मुलेबाळे जे मूल्यमापन करतात ते याच प्रकारचे असते. अलीकडे त्याला दुसरे टोक आले आहे. जुने म्हणजे दुर्मिळ आणि दुर्मिळ म्हणजे लाखमोलाचे, असे समजून साध्या बादलीलाही वारशाची वस्तू म्हणून अवास्तव किंमत सांगितली जाते. दोन्ही पद्धतींत वस्तू वाचली जात नाही.

बेंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी ही वसाहत या दृष्टीने विचार करण्यास सोयीची आहे. तिची आखणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली; म्हणजे तेथील घर जुने म्हणावे तरी चार-पाच दशकांचे. आता तीही घरे पाडून मजले चढत आहेत. परंतु घरातले सामान घरापेक्षा जुने असते. मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ते चामराजपेठ-बसवनगुडीच्या आधीच्या बिऱ्हाडांतून, कधी धारवाड-बेळगावहून, कधी तंजावराकडून आलेले असते. बेंगळूरशी मराठीचा संबंध तर आणखी मागचा. 1638 साली विजापूरकरांनी हे ठाणे केंपेगौडांकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषांतून केले, आणि तो ग्रंथ राजवाडे यांनीच 1922 साली संपादून प्रसिद्ध केला. 1687 साली शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले.

हा इतिहास खरा असल्यामुळेच एक मोह उत्पन्न होतो. घरातली समई ‘शहाजीराजांच्या वेळची’ असल्याचे सांगणारे कोणी ना कोणी प्रत्येक कुळात असते. समईचे खांडे एकमेकांत फिरवून पाहावेत. आटे यंत्रावर कापल्यासारखे एकसारखे असतील, तर सतराव्या शतकाची गोष्ट तेथेच संपते. दंतकथेला मान द्यावा, परंतु तिला पुरावा मानू नये, ही शिस्त आपण वाङ्मयाच्या अभ्यासात केव्हाच स्वीकारली आहे. भांड्यांच्या बाबतीत ती का सोडावी?

वस्तुतः जुने भांडे ओळखण्याची रीत हस्तलिखित पोथीच्या अभ्यासाहून फार वेगळी नाही. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, आणि तीत येणारा शक अनेकदा नकलेचा असतो, रचनेचा नव्हे. तांब्याच्या गळ्याखाली टाचणीच्या ठिपक्यांनी नाव आणि साल घातलेले असते तेही असेच. ‘शके 1846’ वाचले की त्यात 78 मिळवून इसवी सन 1924 काढता येतो. पण ते साल दिल्याचे, घडवल्याचे नव्हे. भांडे त्याआधी दुसऱ्या घरात नांदून आलेले असू शकते. नावाच्या खाली आणखी एक खरवडलेले नाव दिसले तर तो तांब्या दोन घरांचा इतिहास सांगतो. अक्षर नागरी आहे की कानडी, हेही पाहावे. एकाच घराण्याच्या आजीच्या तांब्यावर नागरी आणि नातीच्या डब्यावर कानडी अक्षरे आढळली, तर त्या दोन पिढ्यांच्या दरम्यान घराने शाळा, शेजार आणि व्यवहार कोणत्या भाषेत केला ते निराळे सांगावे लागत नाही.

धातूची परीक्षा त्यानंतरची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कासे म्हणजे तांबे आणि कथील, साधारण चार भागांना एक. काशाची वाटी नखाने वाजवली तर नाद रेंगाळतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण आहे, आणि चांदीच्या वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना हे उशिरा कळते. आतून कल्हईचा माग असेल तर ते भांडे चुलीवरचे. नसेल तर बहुधा पाण्याचे वा स्नानाचे. अंगावर हातोडीचे मठारकाम असेल, तळाचा सांधा दातेरी असेल, तर ते तांबटाच्या हातचे. सारख्या वर्तुळाकार रेषा दिसल्या तर यंत्रावर ओढलेले. परदेशी मालाचे काम सोपे: स्वीडनच्या प्रायमस स्टोव्हवर 1911पासून वर्षाचे अक्षर ठोकलेले असते. रविवर्म्याच्या तसबिरींवरही छापखान्याचे ठिकाण वाचावे. तो छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि शतक संपण्याच्या सुमारास मळवलीस गेला. तेव्हा ‘कार्ला-लोणावळा’ हा पत्ता असलेली तसबीर त्यानंतरची. मालकी बदलल्यावरही छपाई चालू राहिली, म्हणून नुसत्या नावावर भाव ठरवू नये.

या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटतात ते देव्हाऱ्यातले टाक. चांदीच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उठवलेल्या या कुलदेवतांना सराफाच्या तराजूत काहीच वजन नसते. पण घराणे मूळ कोठले, हे सांगण्यात त्यांची बरोबरी कागदही क्वचितच करतो. घोड्यावरचा खंडोबा आणि पायाशी कुत्रा असेल तर एक दिशा. सिंहावर बसलेली अष्टभुजा देवी असेल आणि घरात पौष पौर्णिमेचा कुळाचार चालत असेल, तर बदामीजवळच्या बनशंकरीची. बेंगळूरच्या वसाहतीला तेथील देवळावरून नाव मिळाले आहे. बदामीची बनशंकरी मात्र महाराष्ट्रातल्याही कित्येक कुळांची देवता. पत्त्यात रोज लिहिले जाणारे नाव आपल्याच देव्हाऱ्यात आहे, हे ध्यानात न आलेली घरे असतील.

टाक रोज चिंचेने घासले जातात, आणि दोन-तीन पिढ्यांत देवाचा चेहरा पुसट होतो. व्यापारी अशा टाकाची किंमत कमी करतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ती झीजच हवी असते, कारण पूजा अखंड चालल्याचा दुसरा पुरावा घरात नसतो. तथापि येथेही सावध राहावे लागते. फार झिजलेले टाक विसर्जित करून सोनाराकडून नवे घडवण्याची चाल आहे. मग वस्तू नवी आणि परंपरा जुनी, असा प्रकार होतो. जीर्ण पोथीची नक्कल करून मूळ प्रत गंगेस अर्पण करावी तसा.

महाराष्ट्रात या दुर्लक्षित सामानाकडे पद्धतशीर पाहणारा पहिला मोठा माणूस इतिहासकार नव्हता, कवी होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) चष्म्यांचा व्यवसाय करीत आणि गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, कुलुपे, दौती जमा करीत. सुमारे वीस हजार वस्तू त्यांनी मिळवल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि 1975 साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यांच्या तोडीचे हे काम आहे, असे मी जाणूनबुजून म्हणतो. पाय घासण्याच्या वज्रीवर मोर बसवणाऱ्या कारागिराचे आणि ती वापरणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच बखरीत येणार नव्हते. संग्रहालयात मात्र एक गोष्ट हातची जाते: वस्तू कोणत्या घरातून, कोणाच्या हातून आणि कोणत्या नावाने आली, ही तिची जन्मकथा. ती फक्त घरातच, आणि तीही वाटणीपूर्वीच, टिपून घेता येते.

नावाचा मुद्दा गौण नाही. अडकित्ता या शब्दातच सुपारीचे कानडी नाव, अडिके, बसलेले आहे. पान खाणाऱ्या मराठी माणसाच्या हातात ही भाषेची सोयरीक रोज येत होती. धान्याची मापे पाहा. आपल्याकडे दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण. बेंगळुरात पावु, अच्चेरु, सेरु. 1956च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि पुढच्या काही वर्षांत ही पितळी भांडी मापे राहिली नाहीत. दाते-कर्वे यांच्या शब्दकोशात यांतले बरेच शब्द मिळतील, पण बेंगळूरच्या मराठी आजीच्या तोंडचा ‘अच्चेरु’ तेथे शोधून भागणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. 1972चा पुरावशेषविषयक कायदा 1976पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला आजीची समई सामानात देणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

घर रिकामे करण्यापूर्वी एक वही करावी. प्रत्येक वस्तूचे घरात चालणारे नाव, कानडी असेल तर कानडीच, धातू, वजन, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, अशुद्धासह. ती कोठे ठेवलेली असे आणि कोण वापरी. शेवटची केव्हा वापरली. किंमत शेवटच्या रकान्यात. चिंच लावून चकचकीत करण्याचा उद्योग वहीनंतर करावा, कारण ठिपक्यांचे अक्षर फार उथळ असते. बिदरी काम तर घासूच नये. बिदरच्या मातीने आणलेला काळा रंग हीच त्या चांदीच्या नक्षीची पार्श्वभूमी आहे. आणि ज्यांच्या तोंडून ही नावे मिळायची, त्या मावशी-आत्या-काकूंना या कामी बोलवायचे ते दलालाला बोलवण्याच्या आधी.