झाकण आणि पिंजरा

दसरा झाला की बेळगावच्या आमच्या घरी आज्जीचं पालुपद सुरू व्हायचं, "दार लावा गं, आता सगळे आत येतात." सगळे म्हणजे पाहुणे नव्हेत. उंदीर, चिचुंद्र्या, झुरळं, धान्यातले पोरकिडे, दिव्यावरची पाखरं. पाऊस थांबलेला, भिंती अजून ओल्या, वर ऑक्टोबरचं ऊन. नवे मूग-उडीद घरात आलेले, आणि शेतं मोकळी होऊ लागली की तिथला उंदीर गावाकडे वळतो. दिवाळीच्या सफाईला आपण लक्ष्मीचं नाव देतो, पण निम्मी सफाई या मंडळींसाठीच असते.

आम्हा जैनांच्या घरात या बंदोबस्ताला एक अट. मारायचं नाही. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवताना, केर काढताना जीव जातात ती आरंभी. गृहस्थाला ती पुरती टाळता येत नाही. ठरवून मारणं ती संकल्पी, ती मात्र सोडायची. झुरळावर चप्पल उगारणं कशात बसतं हे सांगायला पंडित नको. म्हणून सगळा भर जीव होऊच नयेत आणि आत येऊच नयेत यावर. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. धान्य उन्हात घालून, निवडून मगच कणगीत जायचं, कणगी शेणानं लिंपलेली, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि मधे मधे बिब्बे. डाळींना एरंडेलाचा हात. लुगड्यांच्या घड्यांत वेखंड. ज्यांच्याकडे पेव होतं, कानडीत आपण ज्याला हगेव म्हणतो, त्यांचं धान्य जमिनीच्या पोटात. तोंड मातीनं बंद केलं की आतली हवा संपते आणि किडा जगत नाही.

"मग ती हिंसा कुठली गं?" असं मी एकदा विचारलं होतं. आज्जीनं उत्तर दिलं नाही, निवडायला डाळ दिली.

गुजरातेत याच्याही पुढची पायरी होती. तिथल्या काही पांजरपोळांत जीवातखाना असायचा, म्हणजे किडलेलं धान्य किड्यांसकट आणून ठेवायची खोली. अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं सुरतेचा पांजरपोळ पाहून १८३०च्या दशकात तसं लिहून ठेवलंय. वाचून हसणारे पुष्कळ. मला मात्र घरातलं किडलेलं धान्य सुपात घेऊन बसलेली, ते टाकायचं कुठं हे न सुचणारी बाई दिसते.

हे सगळं ठीक चाललेलं असताना प्लेग आला. १८९६ला मुंबईत, आणि दोनेक वर्षांत हुबळी-धारवाडपासून आपल्या भागापर्यंत. हुबळीत तर १८९८ला हाफकिनची लस हजारो माणसांना टोचली गेली. त्याच वर्षी कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की हा रोग उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो. बरीच वर्षं त्याचं कुणी मानलं नाही. गावातल्या लोकांना पिसू ठाऊक नव्हती, पण उंदीर पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या बांधायच्या, एवढं त्यांना कळून चुकलं होतं. आपल्या पठारावर प्लेगचा जोर पावसाळा सरता सरता चढायचा. म्हणजे नेमका दसरा-दिवाळीचा हंगाम.

सरकार म्हणे उंदीर मारा. अमरावतीच्या एका इंग्रज सिव्हिल सर्जननं मांजरं पाळा म्हणून १९०८च्या सुमारास लेख लिहिला, तो त्यातल्या त्यात आमच्या सोयीचा. (मांजरानं मारलं तर पाप कुणाचं, यावरही आमच्यात वाद झाले असतीलच!) आमच्या घरात पिंजरा होता. धरलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडून यायचं. त्या वर्षीही पणजोबा सोडून आले. पुढं माळ्यावरून उंदीर पडले, घरची मंडळी झोपडीत गेली, आणि पणजीची थोरली मुलगी चौथ्या दिवशी गेली. आज्जी तेव्हा अंगावर पिणारी होती.

भाऊबंदांत बोललं गेलं की कणगीचं झाकण नीट नव्हतं, म्हणून उंदीर लागला. पिंजऱ्याचं कुणी बोललं नाही. पणजी पुढं चाळीस वर्षं जगली आणि रोज रात्री उठून झाकणं चाचपायची. मारलं तर पाप, नाही मारलं तर दोष, आणि दोन्ही बाईच्याच पदरात.

आज्जीचा काळ वेगळा. धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत १९४६च्या सुमारास डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि १९५३ला मलेरियाची मोहीम देशभर आली. फवारणीवाले दारात आले तेव्हा तिनं मुकाट्यानं दार उघडून दिलं आणि स्वतः बस्तीत जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत.

मी बी.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा प्लेगबद्दल वाचताना मला कळलं, की प्लेग आयोगाच्या माणसांनी बेळगावातच घराघरांतले उंदीर धरून तपासले होते. उंदीर मेला की पिसवा दुसरं अंग शोधतात. आळीतल्या सगळ्या माळ्यांवर उंदीर असताना एका कणगीच्या झाकणानं काय अडणार होतं? पणजोबांनी सोडलेल्या एका उंदरानंही काय बिघडणार होतं, हेही खरं. मी घाईघाईनं घरी येऊन आज्जीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "आईला कुणी सांगितलं नाही हे."

१९९४च्या सप्टेंबरात सुरत आणि बीडच्या बातम्या आल्या. आज्जी तेव्हा ८५च्या पुढं होती, रेडिओ कानाशी धरून बसायची. बीडकडच्या मामला गावाचं मी तिला पेपरातून वाचून दाखवलं, की आदल्या वर्षीच्या भूकंपाच्या भीतीनं लोक घरं सोडून झोपड्यांत राहिले, धान्य बंद घरांतच पडून राहिलं आणि त्यावर उंदीर वाढले. पुढचं वाचायला तिनं मला थांबवलं.

"तिथल्या बायकांना कुणी झाकणाचं विचारलं का गं?" ती म्हणाली.

पेपरात ते नव्हतं.