कोविशील्ड, कोवॅक्सिन, फायझर : कोणती लस शरीरात काय करते?

वस्तीत कुणी तरुण अचानक गेला की मयतीला जमलेल्या माणसांत एक प्रश्न हमखास निघतो : "लस घेतली होती ना त्यानं?" घेतलेली असतेच. देशात कोरोना लसीचे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. त्यामुळे आज अपघातात गेलेला, दारूने गेलेला आणि झोपेत गेलेला, तिघांनीही लस घेतलेलीच असणार. पण मयतीच्या ठिकाणी हा हिशेब कुणी मांडत नाही, आणि खरे तर आम्हीही तिथे मांडत नाही. तिथे फक्त खांद्यावर हात ठेवायचा असतो.

अडचण नंतर सुरू होते. एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात, आपल्या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, असे मान्य केले. पाठोपाठ मे महिन्यात कंपनीने युरोपातला परवाना मागे घेतला. आपल्याकडची कोविशील्ड ती हीच लस. आठ दिवसांत मोबाईलवर इतके मेसेज फिरले की बाळाला पेंटाव्हॅलंट द्यायला आशाताईंबरोबर निघालेली एक आई दारातून परत फिरली. "सगळ्या लसी सारख्याच," असे ती म्हणाली. तिला रागावून उपयोग नव्हता. सगळ्या लसी सारख्या नसतात, हे तिला २०२१ मध्ये कुणी सांगितलेच नव्हते. तेव्हा आम्हीही "मिळेल ती घ्या" एवढेच सांगत दारोदार फिरत होतो. सल्ला बरोबर होता, पण कारण सांगायचे राहून गेले.

कोरोना विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांना स्पाइक प्रोटीन म्हणतात. याच काट्याने तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. आपल्या शरीराने हा काटा आधी पाहिलेला असेल तर विषाणू आल्या आल्या प्रतिपिंडे तयार होऊन काट्याला जाऊन बसतात आणि त्याला पेशीला चिकटू देत नाहीत. जे विषाणू तरीही आत शिरतात, त्यांनी बिघडवलेल्या पेशी शोधून मारणाऱ्या टी पेशी हे दुसरे दल. बहुतेक लसींचा उद्देश एकच : खरा आजार न होऊ देता शरीराला हा काटा दाखवणे. फरक आहे तो दाखवण्याच्या पद्धतीत.

सर्वांत जुनी पद्धत कोवॅक्सिनची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा काढलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेकने प्रयोगशाळेत वाढवला, रसायनाने मारला आणि तो मेलेला विषाणू लसीत घातला. मेलेला विषाणू वाढू शकत नाही, त्यामुळे त्याच्यापासून आजार होण्याचा प्रश्नच नाही. पण मेलेल्या शत्रूकडे शरीर फारसे लक्षही देत नाही, म्हणून शरीराला डिवचणारा एक पूरक घटक सोबत घालावा लागतो. चीनच्या सायनोफार्म आणि सायनोवॅक या लसीही याच जातीच्या. या पद्धतीला महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगचे जंतू उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. यशवंतरावांचा दवाखाना होता हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. आज त्याच हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आहे. हा योगायोगच, पण हडपसरवरून जाताना आम्हाला तो दर वेळी आठवतो.

कोवॅक्सिनबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, वासराच्या रक्ताची अफवा. विषाणू वाढवण्यासाठी ज्या पेशी लागतात, त्या पेशी पोसायला वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. पोलिओच्या लसीतही कित्येक दशके हेच होते. नंतर त्या पेशी धुतल्या जातात आणि तयार लसीत तो द्रव राहत नाही. दुसरी गोष्ट मात्र अफवा नाही. ३ जानेवारी २०२१ ला कोवॅक्सिनला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल आलेलेच नव्हते. सुरुवातीला ही लस घेणाऱ्याकडून वेगळ्या संमतीपत्रावर सही घेतली जात होती. त्या काळात जे बिचकले त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होते. पुढे निकाल आले : लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. लस चांगली निघाली. पण घाईने दिलेल्या परवानगीने जो अविश्वास पेरला, तो आमच्यासारख्यांना दारोदार निस्तरावा लागला.

आता कोविशील्ड. देशातल्या दर दहा डोसांपैकी जवळपास आठ हिचे होते, म्हणून तिच्यावर थोडे जास्त थांबू.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू घेतला. त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकली आणि कोरोनाचा काटा बनवण्याची कृती त्याच्या आत ठेवली. म्हणजे हा विषाणू फक्त पोस्टमनचे काम करतो. तो आपल्या पेशीत जाऊन पाकीट देतो, पेशी काही काळ काटे बनवते, आणि शरीर ते पाहून तयारीला लागते. चिंपांझीचाच विषाणू का? कारण माणसाला सर्दी करणारे असे विषाणू आपल्याला आधी होऊन गेलेले असतात, मग शरीर पोस्टमनलाच दारात अडवते. रशियाच्या स्पुटनिकने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. पहिल्या डोसात एक वाहक विषाणू आणि दुसऱ्या डोसात दुसराच. युक्ती चांगली होती, पण दोन डोस म्हणजे दोन वेगळी उत्पादने झाली, आणि दुसरा डोस अनेक ठिकाणी उशिरा पोचला. जॉन्सनची एका डोसाची लसही याच पद्धतीची. तिला ऑगस्ट २०२१ मध्ये भारतात परवानगी मिळाली, पण ती आपल्या मोहिमेत आली नाही.

कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते, मग ६ ते ८ झाले, आणि १३ मे २०२१ ला १२ ते १६ झाले. लसच संपली म्हणून अंतर वाढवले, असा वस्तीत सर्वांचा ठाम समज होता. तुटवडा होता, हे खरेच आहे. पण चाचण्यांतही दिसले होते की ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतल्यास संरक्षण सुमारे ५५ टक्के, आणि १२ आठवडे किंवा अधिक थांबल्यास सुमारे ८१ टक्के. शास्त्र आणि टंचाई, दोन्ही एकाच दिशेला होती. सरकारने दोन्ही गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

आणि रक्ताच्या गाठी. हा दुष्परिणाम खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. क्वचित एखाद्याच्या शरीरात लसीनंतर अशी प्रतिपिंडे तयार होतात जी रक्तातल्या बिंबिकांना उत्तेजित करतात. मग एकीकडे गाठी होतात आणि दुसरीकडे बिंबिकांची संख्या घसरते. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्या लोकांत पहिल्या डोसानंतर साधारण ५० हजारांत एक असे हे प्रमाण आढळले, आणि म्हणून तिथे एप्रिल-मे २०२१ पासूनच तरुणांना दुसरी लस देऊ लागले. भारतात सरकारी समितीने मे २०२१ मध्ये नोंदवलेले प्रमाण दर १० लाख डोसांमागे ०.६१ होते. आपल्याकडे नोंदी कमी होतात, त्यामुळे या आकड्याकडे थोडे सावधपणेच पाहावे. मात्र यातली सर्वांत महत्त्वाची बाब वेळेची आहे. हा त्रास डोसानंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत होतो, बहुतेकदा पहिल्याच डोसानंतर. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसामुळे आज तशी गाठ होत नाही. मेसेजमध्ये नेमके हेच वाक्य गाळलेले असते.

मग तरुण अचानक का जातात? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी असलेल्यांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला : लसीमुळे धोका वाढला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोरोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घरात असे मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अति दारू पिणाऱ्या किंवा अति श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत. वस्तीत जिम लावणारी पोरे हे ऐकून गप्प होतात.

"अमेरिकेतच सांगितलंय, हृदयाला सूज येते," असेही विचारले जाते. ते फायझर आणि मॉडर्नाबद्दल आहे. या लसींत विषाणूच नसतो. काटा बनवण्याची कृती एमआरएनए नावाच्या धाग्यावर लिहून चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळलेली असते. पेशी ती वाचते, काटा बनवते आणि धागा काही दिवसांत विरघळून जातो. तो पेशीच्या केंद्रकात जात नाही, त्यामुळे आपला डीएनए बदलण्याची भीती निराधार आहे. यामागे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचे अनेक वर्षांचे काम आहे. २०२३ चे नोबेल त्यांनाच मिळाले. दुसऱ्या डोसानंतर आठवडाभरात काही तरुण मुलग्यांच्या हृदयाला सूज आल्याची नोंद आहे, आणि त्यातले बहुतेक बरे झाले. पण आपल्या वस्तीत या लसी आल्याच कुठे? फायझरला सुरुवातीला उणे ७० अंशांची थंडी लागत असे. आपल्या उपकेंद्रात पोलिओच्या डब्यात २ ते ८ अंश सांभाळणेही वीज गेली की मुश्किल होते. दुबई-लंडनला असलेल्या आपल्या माणसांनी त्या घेतल्या, इथे नाही. पुढे पुण्याच्या जिनोव्हाने २ ते ८ अंशांत टिकणारी एमआरएनए लस बनवली, पण तोवर मोहीम ओसरली होती.

उरलेल्या दोन पद्धती थोडक्यात. अहमदाबादची झायकोव्ह-डी ही डीएनएवर आधारलेली, तीन डोसांची, सुईशिवाय द्यायची लस. आणि कोर्बेव्हॅक्स व कोव्होव्हॅक्स या प्रथिनाच्या लसी. यांत काटा किंवा त्याचा तुकडा बाहेरच तयार करून थेट टोचतात. मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स दिली गेली. बाळांना दिली जाणारी काविळीची हिपॅटायटिस बी लसही याच तंत्राची आहे.

राहिला तो लाडका प्रश्न : भारी कोणती? २०२१ च्या जूनमध्ये खाजगी रुग्णालयांत कोविशील्डला ७८०, स्पुटनिकला १,१४५ आणि कोवॅक्सिनला १,४१० रुपये पडत. महाग ती भारी, असे समजून कर्ज काढणारे आम्ही पाहिले आहेत. कुणी टक्के लावून धरायचे. पण टक्के म्हणजे काय? फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. त्यांतल्या १७० जणांना कोरोना झाला : पाणीवाल्या गटात १६२, लसवाल्या गटात ८. हा झाला ९५ टक्के. शंभरातल्या पाच जणांना आजार होणारच, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय फायझरची चाचणी डेल्टा येण्याआधीची आणि कोवॅक्सिनची डेल्टाच्या काळातली. जॉन्सनची चाचणी दक्षिण आफ्रिकेतही झाली, जिथे तेव्हा बीटा होता. एकाने कोरड्या रस्त्यावर शर्यत धावली आणि दुसऱ्याने चिखलात, तर घड्याळे शेजारी ठेवून काय कळणार? एमआरएनए लसींनी लागण रोखण्यात बाजी मारली, हे मान्य करावे लागेल. पण दवाखान्यात दाखल होणे आणि मृत्यू यांपासून सगळ्यांनीच मोठे संरक्षण दिले. ओमायक्रॉनने सगळ्याच लसींची लागण रोखण्याची ताकद कमी केली, तरी हे दुसरे संरक्षण बरेच टिकले.

आणि मे २०२१ मध्ये आमच्या लोकांपुढे निवड नव्हतीच. कोविन सुरुवातीला फक्त इंग्रजीत होते, स्लॉट काही मिनिटांत संपत, शहरातली मुले गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन जात, आणि गावातली आजी रांगेतून परत जाई. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असत आणि ती उघडली की चार तासांत संपवावी लागे. म्हणून दहा माणसे जमेपर्यंत नर्सबाई थांबत. लोकांना वाटे, मुद्दाम ताटकळत ठेवतात.

ज्या आईपासून सुरुवात केली, तिच्याकडे आम्ही पुन्हा गेलो. गाठींची गोष्ट खरी आहे, हे आधी कबूल केले. मग सांगितले की पेंटाव्हॅलंटमध्ये कोविशील्डसारखा वाहक विषाणू नाही. घटसर्प-धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, मारलेले डांग्या खोकल्याचे जंतू, काविळीच्या विषाणूचे प्रथिन आणि हिब जंतूचा तुकडा एवढेच त्यात आहे. ताप येईल, टोचलेली जागा सुजेल, हेही सांगितले. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली, त्यांतल्या अनेकांच्या लसी राहिलेल्या होत्या, हे तिच्या नणंदेनेच सांगितले. ती तिकडेच राहते. आईने विचारले, ताप आला तर रात्री कुणाला फोन करायचा? आशाताईंनी लसीच्या कार्डावर मागे आपला नंबर लिहून दिला.