एकशे एक दिवस आणि एक झेरॉक्स

काल ६ जानेवारी, पत्रकार दिन. आमच्याकडे विश्रामगृहावर कार्यक्रम झाला. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार, १८३२ च्या 'दर्पण'ची आठवण, शाल-श्रीफळ, चहा. 'चौथा स्तंभ' किती वेळा आला ते मोजायचं मी सोडून दिलं. मला बसल्या बसल्या दुसराच प्रसंग आठवत होता. हारतुऱ्यांत तो कुणी काढत नाही.

'केसरी' सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये. आगरकर त्याचे संपादक, टिळक इंग्रजी 'मराठा' बघायचे. दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून देखरेखीखाली ठेवलं होतं. त्यांचे हाल होतात अशी चर्चा होती आणि बोट होतं दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे. दोन्ही पत्रांनी विषय लावून धरला. त्या भरात बर्व्यांच्या नावाची काही पत्रं हाती आली आणि छापली गेली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली! दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिलं. आणि हो, या खटल्यात दहा हजारांच्या जामिनाची सोय केली ती महात्मा फुल्यांनी, रामशेठ उरवण्यांकरवी. विचार जुळत नव्हते, तरीही.

आता पुढचं ऐका. डिसेंबर १८८३ मध्ये महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गेले, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत. वय जेमतेम वीस. म्हणजे 'केसरी'ची काळजी खरी होती, हातातला कागद खोटा होता. आणि कोर्टात तोलला जातो तो कागद.

डिप्लोमाला हा खटला आम्हाला दोन ओळींत शिकवला होता, परीक्षेपुरता. समजला नंतर. तालुका वार्ताहर होतो तेव्हा एकाने एका कर्मचाऱ्याविरुद्धच्या तक्रारीची झेरॉक्स आणून दिली. खाली बारा सह्या. मी एकालाही फोन केला नाही. महिनाअखेर होती, जाहिरातीचं टार्गेट डोक्यावर (आमच्याकडे पगार नावालाच, पोट कमिशनवर चालतं), बातमी पटकन पाठवली आणि वसुलीला पळालो. बारातले चार जण म्हणाले, सही आमची नाहीच. खुलासा आला आतल्या पानावर, तीन ओळींचा. त्या कर्मचाऱ्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. वर्गात ते कात्रण फिरलं, हे मला त्यानेच एस. टी. स्टँडवर सांगितलं. चिडून नाही, शांतपणे. तक्रारीतला पाणीपट्टीचा मुद्दा तर खरा होता, पण त्यावर परत कुणी बोललंच नाही.

आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्र आलंय. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. त्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो, साहेब मीटिंगला. जावक नंबर रजिस्टरला बघू द्या म्हटलं, तर 'उद्या या.' बातमी अजून लावलेली नाही. ज्याने पत्र पाठवलं त्याचा मघाशी मेसेज आला, "काय पत्रकार, सेटिंग झालं वाटतं?"

उद्या अकरा वाजता परत जाणार आहे.